घोडा डावीकडे ओढतो

मालोजी सुरवसेला मत विचारायला त्याच्या दारात कधी कुणी आलं नाही. मत घेऊन लोकांच्या दारात जायची जबाबदारी त्याने स्वतःहूनच अंगावर घेतली होती. हे आम्ही म्हणत नाही, तोच म्हणतो. पुढची सगळी हकीकतही त्याचीच आहे. महाळुंग्याच्या कंपनीत दहाच्या चहाला तो ती रंगवून सांगतो, स्वतःच्या नकला करतो, ऐकणाऱ्यांपेक्षा स्वतःच जास्त हसतो, आणि शेवट जवळ आला की कप विसळायला उठतो. शेवट त्याने आम्हाला एकदाच सांगितला.

वय सदतीस. वडील लक्ष्मणराव औसा तालुक्यातून चिंचवडच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात आले, तिथेच निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी गेले. मागे कासारवाडीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर दोन खोल्या, आई दुर्गाबाई, आणि मालोजीहून अकरा वर्षांनी लहान बहीण दिव्या. मालोजीची बायको वर्षाली महापालिकेच्या शाळेत शिकवते. शाळेत सगळं बोलून संपत असल्यामुळे घरी ती कमी बोलते, पण जे बोलते त्यावर मालोजीला दोन दिवस विचार करावा लागतो.

मालोजीचं काम फायनल इन्स्पेक्शनचं. प्रेसवरून ब्रेकचं पेडल तयार होऊन आलं की ते गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून बघायचं. बसलं तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही बसलं तर लाल खडूची फुली आणि लाल पेटी. चौदा वर्षं त्याने हेच केलं. प्रॉडक्शनवाले त्याच्या नावाने बोटं मोडायचे, पण त्याने फुली मारलेला पीस वरच्या साहेबांनी परत हिरव्यात टाकला असं कधी झालं नाही. नवीन पोरं ट्रेनिंगला आली की मालोजी त्यांना पहिल्या दिवशी पेडलला हातही लावू द्यायचा नाही. गेजवरची तारखेची चिठ्ठी दाखवायचा. गेज वेळच्या वेळी तपासून आलंय का ते आधी बघा, पेडल नंतर. चुकीच्या गेजने चांगला पीस मारलात तर फुली तुमच्या कपाळावर, असं तो सांगायचा. आवाज असा लावायचा की पोरं आपोआप सरळ उभी राहायची.

आता त्याच्या दुसऱ्या धंद्याकडे येऊ. त्यात पगार नव्हता, पण मान होता, निदान त्याला तसं वाटायचं.

'आयर्नमूर' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. तिकडे परदेशात बनतो. उजाड झालेल्या एका राज्यात एक टपालवाला घोड्यावरून पत्रं पोचवत फिरतो, वाटेत लुटारू, दलदली, कोसळलेले पूल. चोवीस वर्षांत त्याचे सात भाग आले. तिसरा आला तेव्हा मालोजी आयटीआयला होता. पिंपरीत एका जिन्याखालच्या गाळ्यात तासावर गेम खेळायला मिळायचे, तिथे बसून त्याने तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळला. शेवटचं पत्र पोचवल्यावर टपालवाला घोड्यावरून उतरतो आणि त्याच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहतो. मालोजी त्या गाळ्यात, चार अनोळखी पोरांच्या देखत, रडला होता. ते प्रेम खरं होतं, त्याची आम्हीही चेष्टा करणार नाही.

चेष्टा पुढच्याची. कारण त्यानंतर मालोजीने एकही भाग पूर्ण खेळला नाही. चौथ्यात तो एका पुलावर अडकला आणि आजतागायत तिथेच आहे. पाचवा त्याने खेळलाच नाही, पण तो किती वाईट आहे हे तो तासभर सांगू शकतो. सहावा त्याने कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर पाहिला, म्हणजे दुसरा कुणीतरी खेळत होता आणि हा दुप्पट वेगाने बघत होता. मोशीच्या पुढे ट्रॅफिक तुंबला म्हणून शेवट तरी पाहायला मिळाला, नाहीतर तोही राहिला असता. सातवा त्याने विकत आणला. त्याच महिन्यात लाइन तीन शिफ्टमध्ये गेली, आणि डबीवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. सातव्या भागाबद्दल त्याची एकूण अकरा मतं होती आणि त्यातलं एकही प्लास्टिकच्या आत जाऊन बनलेलं नव्हतं.

"मत द्यायला खेळावंच लागतं असं थोडंच आहे?" असं तो एकदा वर्षालीला म्हणाला.

"नाही ना. मी पण पेपर न वाचताच मार्क देते," वर्षाली म्हणाली.

'आयर्नमूर मराठी मंडळ, पिंपरी-चिंचवड' या व्हॉट्सॲपवरून सुरू होऊन फेसबुकवर फोफावलेल्या मंडळाचा मालोजी अध्यक्ष. मंडळाला कार्याध्यक्ष होता, दोन उपाध्यक्ष होते, आणि जमा-खर्च काही नसतानाही चिखलीचा कुलदीप नावाचा खजिनदार होता. सातव्या भागाच्या आगमनाला त्यांनी कासारवाडीच्या चौकात फ्लेक्सही लावला होता. घोड्यावरचा टपालवाला मधोमध, खाली पदाधिकाऱ्यांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि 'हार्दिक शुभेच्छा'. घोड्याला मंडळाने 'ढवळ्या' हे नाव दिलेलं. दोन दिवसांनी पालिकेच्या माणसांनी फ्लेक्स काढून नेला, तेव्हा एका काकांनी मालोजीला थांबवून विचारलं होतं, की उमेदवाराने अर्ज मागे घेतला का.

मंडळात तेवीसशे सभासद आणि कामकाज एकच: मतं. तिसऱ्या भागाची सर कुठल्याच भागाला नाही, हा मंडळाचा ठराव. नवा माणूस येऊन भाबडेपणाने "मला तर पाचवा आवडला राव" म्हणाला की त्याच्यावर असे तुटून पडायचे की तो बिचारा दुसऱ्या दिवशी स्वतःच निघून जायचा. आणि येऊ घातलेला आठवा भाग म्हणजे तर पर्वणीच. चाळीस सेकंदांची झलक आली आणि मालोजीने त्यावर अठरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण टाकलं. ढवळ्याची आयाळ आधी डाव्या अंगाला पडायची, आता उजव्या अंगाला पडते. यावरून कंपनीला आपल्या जुन्या चाहत्यांची किंमत राहिलेली नाही, हे त्याने सप्रमाण सिद्ध केलं. नाव घेतलं होतं 'इन्स्पेक्टर मालोजी'. न आवडलेल्या गोष्टीवर तो लाल फुलीचं चित्र टाकायचा. ते पडलं की लोक वाद थांबवायचे. या वाद थांबण्याची त्याला चटक लागली होती, हे तो आता कबूल करतो.

दिव्याचं नीट सांगायला हवं. तिला गेमचा नाद लावला तो मालोजीनेच. ती आठ वर्षांची असताना मालोजी तिला शेजारी बसवायचा आणि म्हणायचा, मी खेळतो, तू फक्त चुका शोध. भिंतीत घुसणारा हात, हवेत तरंगणारी बादली, सावली नसलेलं झाड. प्रत्येक चुकीला एक पेप्सीकोला. पोरगी इतकी तयार झाली की इंजिनीअरिंग संपल्यावर तिला बाणेरला त्याच कामाची नोकरी लागली. परदेशी कंपन्यांचे गेम बाजारात यायच्या आधी हे लोक खेळून तपासतात. दुर्गाबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची दिव्या खेळायचा पगार घेती." कुठला गेम ते मात्र दिव्या घरात कधी बोलायची नाही, बाहेर बोलणार नाही अशा कागदावर तिची सही होती. तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. तिची सुट्टी शनिवार-रविवार, मालोजीची आपल्या एमआयडीसीच्या रिवाजाप्रमाणे गुरुवार. बहीण-भावाची गाठ सणावारीच पडायची.

तर खंडेनवमी आली. कंपनीत प्रेस धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, नारळ फुटले. मालोजीने आपल्या गेजना कुंकू लावलं ते करंगळीच्या टोकाने, जपून, कारण गेजला बोटाचा घामही चालत नाही. घरी आल्यावर मात्र त्याला उमाळा आला. आठव्या भागाचा नमुना, लोकांनी खेळून बघायचा छोटा तुकडा, दसऱ्यानंतरच्या गुरुवारी येणार होता. त्याने टीव्हीखालचा गेमचा डबा पुसला, कंट्रोलर पाटावर मांडला आणि दुर्गाबाईंच्या ताटातलं ओलं हळद-कुंकू भरभरून वाहिलं. वर मूठभर अक्षता, वर झेंडू, आणि फुलाने पाणीही शिंपडलं. एप्रिलनंतर त्या कंट्रोलरला लागलेला तो पहिला हात.

"आरं, किती टाकायलास?" दुर्गाबाई म्हणाल्या. "ते यंत्र हाय का नवरदेव?"

गुरुवारी नमुना आला. मालोजी सकाळी अंघोळ करून बसला. घोड्यावर टपालवाला, समोर लांबच लांब माळ, आणि मालोजीने अजून कंट्रोलरवरच्या, घोडा वळवायच्या कांडीला बोटही लावलं नव्हतं तोवर ढवळ्या डावीकडे चालू पडला. सरळ करावा तर परत डावीकडे. तिसऱ्या वेळी तर टपालासकट दरीत. मालोजीने तासाभरात सतरा वेळा टपालवाला दरीत घातला, आणि त्याला, खरं सांगायचं तर, अतोनात आनंद झाला. इतकी वर्षं आयाळीवर आणि टपालवाल्याच्या टोपीवर अक्कल पाजळत होता, आज पहिल्यांदा खरीखुरी, मोजून दाखवता येणारी चूक हाती लागली होती. त्याने ती मोजलीसुद्धा: कांडी सोडल्यापासून दरीपर्यंत सरासरी नऊ सेकंद. गेमच्या कंपनीच्या तक्रारींच्या पानावर आणि मंडळात त्याने एकच मजकूर टाकला. "घोडा डावीकडे ओढतो. सतरा वेळा तपासलं. हे ज्याने तपासून पुढे सोडलं तो झोपला होता काय?" खाली लाल फुली.

रात्रीपर्यंत नऊशे लोकांनी अंगठे दिले. साडेतीनशे जणांनी लिहिलं की त्यांचाही घोडा डावीकडे ओढतो. कुलदीपने लिहिलं की त्याचा तर जास्तच ओढतो. एकाने लिहिलं की त्याला हे झलक पाहूनच लक्षात आलं होतं. पुढचा आठवडाभर मालोजी कंपनीत खांदे मागे टाकून हिंडत होता.

पुढच्या गुरुवारी दुपारी बाराला दिव्या दारात उभी. पाठीला पिशवी, डोळे ओढलेले.

"आज कशी आलीस गं? सुट्टी हाय का?" दुर्गाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"अर्धा दिवस घेतलाय, आई. दादा, तुझा घोडा बघू."

मालोजी हरखला. इतक्या दिवसांनी बहीण येते आणि पहिली गोष्ट घोडा! त्याने लगबगीने टीव्ही लावला, कंट्रोलर मांडीवर ठेवून दोन्ही हात वर केले, आणि लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा तिला नीट बस, नीट बघ म्हणू लागला. "बघ हां. हात लावलेला नाही. बघ, बघ, चालला की नाही?"

ढवळ्या डावीकडे चालला आणि दरीत गेला.

दिव्याचा चेहरा असा उजळला की मालोजी बघतच राहिला. "आहे! दादा, आहे! मी म्हणत होते ना आहे म्हणून!" ती उभीच राहिली. "परत कर. थांब, नको करू, मी करते." तिने पिशवीतून आपला कंट्रोलर काढला, जोडला आणि मांडीवर ठेवला.

ढवळ्या जागेवर उभा राहिला. शेपटी हलवली, मान हलवली. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. तिने कांडी पुढे केली तेव्हा तो नाकासमोर सरळ चालत माळाच्या टोकापर्यंत गेला.

दिव्याने भावाचा कंट्रोलर उचलला, डोळ्यांजवळ नेला, नखाने डाव्या कांडीच्या बुडाशी खरवडलं. लाल पूड तिच्या ओढणीवर पडली. मग तिने आईकडून सुई मागितली आणि कांडीच्या उजव्या कडेला, आत रुतून बसलेला, कुंकवात वाळून घट्ट झालेला तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. तो दाणा आठवडाभर कांडीला डावीकडे ढकलत होता.

"दादा," ती म्हणाली, "तू गेज बघितलं नव्हतंस."

मालोजी सांगतो, की त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे ट्रेनिंगची सगळी पोरं ओळीने उभी राहिली. त्याला हसूही आलं; पण दिव्याकडे पाहिल्यावर ते गिळावं लागलं, कारण ती खाली बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग एकेक कळत गेलं. आठवा भाग दिव्याच्या कंपनीत तपासायला होता, आणि घोड्याची चाल तिच्याकडे होती. ज्याला मालोजीने झोपला होता काय म्हणून विचारलं, ती ही. शुक्रवारी मालोजीची तक्रार साडेतीनशे जणांच्या जोडीसह तिच्या टेबलावर आली. तिचे वरचे, निरंजन सर, म्हणाले होते की अशा तक्रारी रोज येतात, 'दोष आढळला नाही' लिही आणि बंद कर. दिव्याने बंद केली नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार ती नुसती तो घोडा हाकत होती. चार प्रकारचे टीव्ही, सहा कंट्रोलर, उन्हात, पावसात, चढावर, उतारावर. बाकीची कामं तुंबली. काल सरांनी सगळ्यांसमोर विचारलं की या एका माणसावर तुझा एवढा भरवसा कशाला. ती म्हणाली होती, हा माणूस क्वालिटीतला आहे, उगाच फुली मारत नाही. भाऊ आहे हे तिने सांगितलं नव्हतं. तिचा करार महिनाअखेर संपत होता. कायम करायचं की नाही ते सर आता ठरवणार होते. आज संध्याकाळी सहापर्यंत एक तर चूक दाखव, नाहीतर कारण लिहून तक्रार बंद कर, असं तिला बजावलं होतं.

"मला एक फोन करायचास," मालोजी म्हणाला.

"तपासणी चालू असताना तक्रारदाराशी बोलायचं नसतं. तरी आज आलेच. आणि दादा, फोन करून विचारायचं काय होतं? तू लिहिलं होतंस ना सतरा वेळा तपासलं म्हणून."

स्वयंपाकघरात भाकरी करपल्याचा वास आला. वर्षाली शाळेतून येऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि त्या दिवशी ती मालोजीला काहीही बोलली नाही. हे त्याला फार लागलं.

"कारण तर सापडलं," तो म्हणाला. "तांदूळ लिही."

"तुझं कारण सापडलं. बाकीच्या साडेतीनशेंचं काय सांगू? त्यांनी पण पूजा केली होती?"

मालोजीने खजिनदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "कुलदीप, तुझा घोडा डावीकडे ओढतो ना?"

"व्हय राव! लय वढतो. पार दरीत."

"कितव्या सेकंदाला?"

"नवव्या."

"तू कधी खेळलास?"

"खेळायचं काय त्यात, अध्यक्ष? माझ्याकडं कुठाय तो डबा! तुमीच लिहिलंय की नऊ सेकंद."

मालोजीने आणखी सहा जणांना फोन केले. दोघांनी नमुना उतरवलाच नव्हता, एकाकडे मोबाइलवरचा वेगळाच गेम होता, दोघांनी 'मित्राचा ओढतो' म्हणून सांगितलं, आणि एकाने कंट्रोलर जोडून, हात न लावता, फोन चालू ठेवूनच बघितलं आणि खजील होऊन म्हणाला, "उभाय की हो दादा. शेपटी हलवतोय." नऊशे अंगठे आणि साडेतीनशे घोडे तांदळाच्या एका दाण्यावर उभे होते. मालोजी इथे चहाचा घोट घेतो आणि सांगतो, की आपला शब्द लोक इतका मानतात हे कळायला ही वेळ यावी लागली.

मग तो लिहायला बसला. कंपनीत एखाद्याची चूक झाली की मालोजी त्याच्याकडून कारणाचा कागद लिहून घ्यायचा: काय झालं, का झालं, कुणामुळे झालं. चौदा वर्षांत असा कागद त्याने स्वतःचा कधी लिहिला नव्हता. आता लिहिला. दाण्याचा फोटो, सुईचा फोटो, कुंकवाने माखलेल्या कंट्रोलरचा फोटो, खाली स्वतःचं पूर्ण नाव. "घोड्यात दोष नाही. दोष माझ्या कंट्रोलरमध्ये होता आणि तो न तपासता मी फुली मारली. ज्यांनी हा गेम तपासला ते जागे होते. झोपलो होतो तो मी." शेवटी, लिहायची गरज नसताना, त्याने हेही लिहिलं, की तिसऱ्यानंतरचा एकही भाग आपण पुरता खेळलेलो नाही.

मंडळाने ते वाचलं. मग जे सुटलं ते सुटलं. "किती पाकिटं आली?" "अध्यक्ष मॅनेज झाले." "फोटो बनावट आहे, तांदूळ बासमती दिसतोय." एकाने छातीठोकपणे लिहिलं, की कुणी काहीही म्हणो, त्याचा घोडा आजही डावीकडेच ओढतो. अर्ध्या तासात कार्याध्यक्षाने तातडीची बैठक घेतल्याचं जाहीर केलं आणि मालोजीला अध्यक्षपदावरून दूर केलं. ठरावाला अनुमोदन कुलदीपचं होतं.

मालोजीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, नक्कल करत. दुर्गाबाई पदराआड हसल्या. दिव्याही हसली, नाक पुसत. मग तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. पाच वाजून गेले होते.

ती भराभर लिहीत गेली. कारण, पुरावा, फोनवर बोललेल्यांचे जबाब. तक्रारदाराशी असलेलं नातंही तिने या वेळी लिहिलं. मालोजी शेजारी बसून बघत होता. इतकं नेटकं, मोजकं लिहिणारं माणूस आपल्या कंपनीत एकही नाही, असं त्याला वाटलं, आणि इतकी वर्षं आपण हिला खेळायचा पगार घेते म्हणून चिडवत होतो याची लाज वाटली. शेवटच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"काय झालं?"

तिने लॅपटॉप किंचित त्याच्याकडे वळवला. तक्रारदाराबद्दल शेरा द्यायचा होता. दोनच पर्याय होते, 'भरवशाचा' आणि 'भरवशाचा नाही'.

"दुसरा दिला की काय होतं?"

"त्या नावावरून आलेली तक्रार पुढे कुणी उघडत नाही. आपोआप बाजूला पडते. कायमची."

"मग दे ना. बरोबरच आहे ते."

"माहितीये बरोबर आहे."

तिचं बोट दोन्ही पर्यायांच्या मधेच राहिलं. मालोजीने एक मिनिट वाट पाहिली, दोन मिनिटं पाहिली. मग त्याने तिचा हात अलगद बाजूला केला आणि आपल्याच बोटाने 'भरवशाचा नाही' दाबलं. चौदा वर्षांत त्याने स्वतःवर मारलेली ती पहिली फुली. दिव्याने कागद पाठवून दिला आणि झाकण मिटलं.

सरांचा निरोप सव्वासहाला आला: कारण मिळालं, चांगलं काम, बाकीचं सोमवारी बोलू. दुर्गाबाईंनी कुठल्या तरी देवाला हात जोडले. मालोजी दिव्याला सोडायला स्टेशनच्या बाजूला रिक्षापर्यंत गेला. वाटेत काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "म्हणजे आता मला खरंच एखादी चूक सापडली तरी तुमच्यापर्यंत पोचायची नाही."

"नाही."

"ठीक आहे. तुला सांगत जाईन."

दिव्या रिक्षात बसता बसता थांबली.

"नको, दादा," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर मी परत तीन दिवस शोधत बसेन."